पाणभुंगा, सॅलॅमँडर आणि माणसाचा पाय

सध्या पोस्टिंग जयपूरला आहे. क्वार्टर मिळेपर्यंत गोपालपुऱ्यात भाड्याने राहतोय. जयपूर म्हटलं की लोकांना आमेर, हवामहल, जंतरमंतर आठवतं. गोपालपुऱ्यात यातलं काहीच नाही. टोंक रोडवरून फुटणारा बायपास, दोन्ही बाजूंना कोचिंग क्लासच्या पाट्या, पाठीवर दप्तर घेतलेली हजारो पोरं आणि रात्री उशिरापर्यंत जळणारे दिवे, एवढाच गोपालपुरा.

दर पोस्टिंगवरून मी इतिहासावर एक लेख लिहितो, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. यावेळी काहींनी सवाई जयसिंगांवर लिही म्हणून सांगितलं होतं. ते पुढे कधीतरी. या वेळचा इतिहास दोन छोट्या जिवांचा आहे. एक पाणभुंगा, जो इथे पावसाळ्यात दिव्याखाली सापडतो. दुसरा सॅलॅमँडर, जो मी आधीच्या पोस्टिंगला दार्जिलिंगच्या डोंगरात पाहिला. ही जोडी वाचून कुणी हसेल, पण लेख लिहायला कारण घडलं आहे.

माझा एक बॅचमेट आहे. आमची कसम परेड एकाच दिवशी झाली. काही वर्षांपूर्वी सुरुंगाच्या स्फोटात त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. आता तो गावी असतो. कृत्रिम पाय मिळाला, चालायला शिकला, शेतावर जाऊ लागला. मध्यंतरी कुणीतरी मोबाईलवर त्याला एक व्हिडिओ पाठवला. सॅलॅमँडर नावाच्या प्राण्याचा तुटलेला पाय परत उगवतो, शास्त्रज्ञांना त्याचं गुपित सापडलं आहे, दोन-तीन वर्षांत माणसाचाही पाय उगवेल, असा तो व्हिडिओ. तेव्हापासून गड्याने कृत्रिम पाय कोपऱ्यात ठेवून दिला. वहिनींचा फोन आला, "भावजी, तुम्हीच काहीतरी सांगा. दिवसभर खाटेवर बसून असतात." मी त्याच्याशी बोललो. तो म्हणाला, "तूच तर तो प्राणी डोळ्यांनी पाहिलायस. मग खोटं कसं?"

खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. फोनवर जेवढं मावत नाही ते इथे लिहितो. त्याच्यासारखे आणखी कितीतरी जण आपल्या गावागावांत आहेत.

आगीतला समंदर

सॅलॅमँडरच्या नावावर खोट्या गोष्टी खपवण्याची रीत मोबाईलपेक्षा फार जुनी आहे.

हा प्राणी दिसायला पालीसारखा, पण जात बेडकाची. म्हणजे उभयचर. कातडी ओली, खवले नाहीत, अंडी पाण्यात. ग्रीक आणि रोमन काळापासून युरोपात समजूत होती की तो आगीत जळत नाही, उलट आग विझवतो. ॲरिस्टॉटलने ही गोष्ट नोंदवली आहे, रोमन लेखक प्लिनीनेही. फारसीत या प्राण्याला समंदर म्हणतात आणि फारसी-उर्दू शायरीतला समंदर आगीत राहतो. सागर या अर्थाचा समंदर वेगळा. सोळाव्या शतकात फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याने ज्वाळांमधला सॅलॅमँडर आपलं राजचिन्ह केलं. इटलीचा शिल्पकार बेन्वेनुतो चेलिनी आत्मचरित्रात सांगतो की तो पाच वर्षांचा असताना वडिलांनी चुलीच्या आगीतला सॅलॅमँडर त्याला दाखवला आणि प्रसंग लक्षात राहावा म्हणून कानाखाली वाजवली.

यामागचं कारण साधं असावं. हा प्राणी ओलसर लाकडाच्या पोकळीत लपून बसतो. ते लाकूड चुलीत सरकवलं की जीव वाचवायला बाहेर पळतो. बघणाऱ्याला वाटतं, आगीतूनच जन्मला. पुढे ॲस्बेस्टॉसचं न जळणारं कापड बाजारात आलं, तर त्याला लोक सॅलॅमँडरची लोकर म्हणू लागले. तेराव्या शतकात मार्को पोलोने ठणकावून सांगितलं की हे प्राण्याचं काही नाही, डोंगरातून खणून काढलेलं खनिज आहे. तरी समजूत काही शतकं टिकली. एक खरी गोष्ट पाहायची आणि तिच्यावर नको तेवढा मोठा मजला चढवायचा, ही माणसाची खोड जुनी आहे.

पाणभुंग्याच्या वाट्याला राजचिन्ह आलं नाही आणि शायरीही नाही. काळपट-हिरवट, होडीसारखा गुळगुळीत किडा. विहिरीत, तळ्यात, बांधात सगळीकडे. आपण गावी विहिरीत पोहताना कितीदा बाजूला सारला असेल.

पाठीवर हवा वाहणारा

पाणभुंगा मुळात जमिनीवरच्या भुंग्यांच्या कुळातला. त्याला कल्ले नाहीत. इतर किड्यांप्रमाणे तो अंगावरच्या बारीक छिद्रांतून श्वास घेतो. किड्यांची ही श्वासनळ्यांची रचना १६६९ मध्ये इटलीच्या मार्चेल्लो मालपिगीने रेशमाच्या किड्यात दाखवली. मग ही छिद्रं पाण्यात उघडली तर पाणी आत जाईल आणि मिटली तर जीव जाईल. पाणभुंग्याने यावर तोडगा काढला तो आपल्या पिट्ठूसारखा. वरचे कडक पंख आणि पाठ यांच्यामध्ये तो हवा भरून घेतो. श्वासाची छिद्रं त्या हवेतच उघडतात. हवा संपत आली की शेपटीकडचं टोक पाण्याबाहेर काढतो, नवी हवा भरतो आणि पुन्हा बुडी मारतो. मागचे पाय केसाळ वल्ह्यांसारखे, दोन्ही एकदम मारतो.

इथवर लहान मुलांच्या पुस्तकातही असतं. खरी गंमत पुढे आहे. पुष्कळ काळ लोकांना वाटे की ही हवा म्हणजे भरून नेलेली पाण्याची बाटली, जेवढी भरली तेवढीच पुरणार. पण हिशेब केला तर काही पाणकिडे त्या हवेच्या मानाने फार जास्त वेळ खाली राहतात. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ रिचर्ड एगे यांनी १९१५ च्या सुमारास याचा छडा लावला. त्यांनी प्रयोग केले ते मुख्यतः पाठीवर उताणे पोहणाऱ्या आणि त्यांच्यासारख्या पाणकिड्यांवर, पण तत्त्व पाणभुंग्यालाही लागू पडतं. किडा बुडबुड्यातला ऑक्सिजन वापरतो. बुडबुड्यात ऑक्सिजन कमी झाला की आजूबाजूच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन आपोआप बुडबुड्यात शिरतो. म्हणजे तो बुडबुडा नुसता साठा नसून एक प्रकारचा कल्लाच आहे.

मग तो कायमचा का चालत नाही? कारण बुडबुड्यातला नायट्रोजन हळूहळू पाण्यात निसटतो आणि बुडबुडा आक्रसतो. एगे यांनी एक उलटतपासणी केली. काही किड्यांना त्यांनी साध्या हवेऐवजी निव्वळ ऑक्सिजन दिला. वाटेल की ते जास्त टिकले असतील. ते उलट फार लवकर गुदमरले. नायट्रोजन श्वासाला कामाचा नाही, पण बुडबुड्याला आकार तोच देतो. तो नसेल तर सगळं भांडवल एका झटक्यात जातं.

मला यातून एक गोष्ट लक्षात ठेवाविशी वाटते. पाणभुंग्याचं शरीर पाण्यासाठी पूर्ण बनलेलंच नाही. त्याने बाहेरची एक वस्तू अंगाला लावून घेतली आणि ती वस्तू तो सतत सांभाळतो. वर येणं चुकलं की मरण.

अंगानेच पाण्याचा झालेला

सॅलॅमँडरची तऱ्हा उलटी. अंड्यातून निघतो तेव्हा मानेजवळ पिसांसारखे कल्ले घेऊनच. मोठा होताना कल्ले गळतात, फुप्फुसं येतात. शिवाय ओल्या कातडीतून श्वास चालूच असतो. अमेरिकेत सॅलॅमँडरचं एक भलंमोठं कुळ आहे, जगातल्या निम्म्याहून अधिक जाती त्यातल्या, आणि त्यांना फुप्फुसंच नाहीत. सगळा श्वास कातडीतून आणि तोंडाच्या अस्तरातून. पाणभुंगा सामान वाहतो, सॅलॅमँडर स्वतःच बदलतो.

आपल्या महाराष्ट्रात सॅलॅमँडर नाही. सह्याद्रीत बेडूक आहेत, पाय नसलेले गांडुळासारखे देवगांडूळ आहेत, पण हा नाही. भारतात तो पूर्व हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगरांत. १८७१ मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे जॉन अँडरसन यांनी चीनच्या युन्नान प्रांतातल्या मोहिमेत मिळालेल्या नमुन्यांवरून या जातीला शास्त्रीय नाव दिलं. दार्जिलिंग आणि पूर्व नेपाळकडचे सॅलॅमँडर त्याच जातीचे म्हणून दीड शतक ओळखले गेले. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी ते वेगळे असल्याचं दाखवून हिमालयाच्या नावाने त्यांची स्वतंत्र जात केली.

दार्जिलिंगजवळ सुखियापोखरीच्या बाजूला जोरेपोखरी आहे. जोरे म्हणजे जोडी, पोखरी म्हणजे तळं. सात हजार फुटांहून उंच, धुक्यातली दोन तळी. १९८५ मध्ये सॅलॅमँडरसाठी तिथे अभयारण्य झालं. क्षेत्रफळ फक्त ०.०४ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे दहा एकर. आपल्याकडे एखाद्या बागायतदाराचा मळा याहून मोठा असतो. एका रविवारी आम्ही काही जण तिथे गेलो होतो. पाण्याच्या काठाशी गवतात वीतभर लांबीचा, गडद तपकिरी, पाठीच्या दोन्ही बाजूंना फोडांची रांग असलेला एक सॅलॅमँडर संथपणे चालत होता. पळायची घाई नाही. थंडीत तो दगडाखाली, पालापाचोळ्यात जाऊन बसतो आणि पाऊस सुरू झाला की अंडी घालायला पाण्यावर येतो.

त्याची अडचणही तिथेच आहे. कातडी सुकली की संपला. त्यामुळे एका तळ्याचा प्राणी सहसा लांबच्या तळ्यावर जात नाही. तळं बुजवलं की त्याचं घराणं बुडालं. पाणभुंग्याला पंख आहेत. तळं आटलं तर रात्री उडतो आणि दुसरं शोधतो. पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशावरून त्याला पाणी ओळखू येतं. म्हणूनच तो फसतो आणि ओल्या डांबरी रस्त्यावर, गाडीच्या टपावर येऊन आपटतो. गोपालपुरा बायपासवर पावसाळी रात्री दिव्याखाली सापडणारे पाणभुंगे असेच चुकलेले प्रवासी.

राजस्थानात टिकायला हीच चाल हवी. जयपूरजवळचं रामगढ सरोवर बघा. १९८२ च्या आशियाई स्पर्धांतली नौकानयनाची शर्यत तिथे झाली. पुढे ते सरोवर कोरडं पडलं आणि शहराला पाणी बनास नदीवरच्या बिसलपूर धरणातून आणावं लागलं. याउलट अलवर जिल्ह्यात गोपालपुरा याच नावाचं एक गाव आहे. १९८५ मध्ये राजेंद्र सिंह आणि त्यांचे सोबती तिथे पोहोचले आणि गावातल्या एका वडीलधाऱ्या माणसाच्या सांगण्यावरून त्यांनी जोहड म्हणजे मातीचा बांध घालून अडवलेलं तळं पुन्हा खोदायला घेतलं. त्या कामातून पुढे शेकडो जोहड उभे राहिले. नव्या पाण्यावर उडून येणारे किडे लवकर पोहोचतात. सॅलॅमँडर तिथे कधीच पोहोचणार नाही.

दोघांची गाठ

ही दोन तऱ्हेची मंडळी एकमेकांना अनोळखी नाहीत. जिथे दोघेही आहेत तिथे पाणभुंग्याची अळी सॅलॅमँडरच्या पिल्लांची वैरीण असते. विळ्यासारखे पोकळ जबडे रुतवते, त्यातून पाचक रस आत सोडते आणि पातळ झालेलं मांस शोषून घेते. इंग्रजीत तिला पाणवाघ म्हणतात ते उगाच नाही.

स्वतःच्या बचावासाठी मात्र दोघांनी योगायोगाने सारखंच हत्यार निवडलं आहे. युरोपातल्या काळ्या-पिवळ्या सॅलॅमँडरच्या कातडीतून निघणारं विष स्टेरॉइड जातीचं. १९६० च्या दशकात जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेरमान शिल्डक्नेख्ट यांना पाणभुंग्याच्या मानेमागच्या ग्रंथींतही स्टेरॉइड सापडलं, आणि तेही पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या शरीरात संप्रेरक म्हणून असणारं. माशाने किंवा बेडकाने भुंगा तोंडात घेतला की त्याला गुंगी येऊन तो थुंकून टाकतो. वेगवेगळ्या पलटणींनी एकाच कारखान्यातला दारूगोळा उचलावा तसं.

तुटलेला पाय

आता मुद्द्यावर येतो.

१७६८ मध्ये इटलीतले धर्मगुरू आणि प्राध्यापक लाझारो स्पालानझानी यांनी एक छोटं पुस्तक छापलं. त्यात त्यांनी सांगितलं की सॅलॅमँडरचा पाय कापला तर हाडं, सांधे, बोटं यांसह नवा उगवतो. शेपटी उगवते, जबडाही उगवतो. तोच पाय पुन्हा कापला तर पुन्हा उगवतो. त्यांनी गोगलगायीच्या डोक्याबद्दलही असंच लिहिलं आणि युरोपभर लोक गोगलगायींची डोकी उडवायला बसले. व्हॉल्टेअरसारख्या लेखकानेही ते करून पाहिलं.

१८२३ मध्ये ट्वीडी जॉन टॉड या ब्रिटिश डॉक्टरने पुढचं पाऊल टाकलं. पायाकडे जाणारी नस कापली तर सॅलॅमँडरचा पाय उगवत नाही, हे त्याने दाखवलं. म्हणजे उगवणं ही जादू नाही, तिला नसांचा पुरवठा लागतो. १८६४ मध्ये मेक्सिकोहून ॲक्सोलॉटल हे सॅलॅमँडर पॅरिसला आणले गेले. ते प्रयोगशाळेत सहज वाढले आणि आजही जगभर पाय उगवण्याचा अभ्यास मुख्यतः त्यांच्यावर होतो. २०१८ मध्ये त्यांचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. ३२०० कोटी अक्षरांचा, आपल्या सुमारे दहापट.

सॅलॅमँडरच्या जखमेवर काय होतं ते थोडक्यात सांगतो. काही तासांत कातडीचा पातळ थर जखम झाकतो. त्याखाली आजूबाजूच्या पेशी आपलं ठरलेलं काम सोडून परत कोवळ्या होतात आणि त्यांचा एक कोंब तयार होतो. तो कोंब कुठून तुटलं आहे हे जाणतो आणि तेवढाच भाग पुन्हा बांधतो. आपल्याकडे याच वेळी शरीर घाईने व्रण तयार करतं. रक्तस्राव थांबतो, जंतूंना वाट मिळत नाही, जीव वाचतो. पण व्रण म्हणजे बंद केलेलं दार. लहान मुलाच्या बोटाचं अगदी टोक तुटलं तर नखासह ते पुष्कळदा परत येतं. याहून पुढे माणसाचं शरीर जात नाही.

आणि पाणभुंगा? किड्यांच्या कोवळ्या वयात कात टाकताना तुटलेला पाय काही प्रमाणात परत येऊ शकतो. पण पूर्ण वाढलेला भुंगा पुन्हा कात टाकत नाही. त्याचा पाय गेला म्हणजे गेला. उरलेल्या पायांनी पोहणं, पाठीवरची हवा सांभाळणं आणि वर येत राहणं, एवढंच त्याच्या हाती असतं. या बाबतीत आपण सॅलॅमँडरच्या नव्हे, पाणभुंग्याच्या रांगेत उभे आहोत.

व्हिडिओत जे सांगतात त्याचा एक धागा खरा आहे. २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या टफ्ट्स आणि हार्वर्ड विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी आफ्रिकी बेडकांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रौढ बेडकाचाही पाय सहसा नीट उगवत नाही. त्यांनी पाय कापल्यावर लगेच पाच औषधांचा लेप असलेली टोपी चोवीस तास जखमेवर बसवली. पुढच्या दीड वर्षात पायासारखा अवयव वाढला. हाड, नसा आणि बोटांची सुरुवातही दिसली, तरी तो पूर्ण पाय नव्हता. हे मोठं काम आहे, पण दोन गोष्टी नीट वाचा. तो बेडूक आहे आणि उपचार ताज्या जखमेवर झाला आहे. माणसाचा पाय किंवा हात आजवर कुठेही उगवलेला नाही.

आपल्या लोकांनी काय केलं

अवयव गेलेल्या सैनिकाची गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे. ऋग्वेदात विश्पलेचा उल्लेख येतो. युद्धात तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला धातूचा पाय बसवला. देवांचे वैद्य असूनही त्यांनी पाय उगवला नाही, बसवला, हे मला लक्षणीय वाटतं. सोळाव्या शतकात फ्रेंच सैन्याचे शल्यचिकित्सक आंब्रुआज पारे यांनी लोखंडी स्प्रिंगांचे हात आणि पाय तयार करवले.

आपल्या मराठी माणसाचीही यात एक ठळक नोंद आहे. तिसऱ्या म्हैसूर युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर कावसजी नावाचा मराठा बैलवान होता. नाव पारशी वाटलं तरी नोंदीत तो मराठा शेतकरी जातीचा असल्याचं लिहिलं आहे. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीच्या एका वैद्याने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. चित्रकार जेम्स वेल्सने त्याचं चित्र काढलं आणि ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जेंटलमन्स मॅगझिनमध्ये ही हकीकत छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जनने १८१४ मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली. युरोपातल्या आधुनिक प्लास्टिक सर्जरीची वाट अशी पुण्याहून गेली.

कावसजीला नाक मिळालं. हात मात्र गेला तो गेलाच. त्या अनाम वैद्याला कुठपर्यंत करता येतं आणि कुठे थांबावं लागतं, हे ठाऊक होतं. जे शक्य होतं ते त्याने उत्तम केलं.

दुसऱ्या महायुद्धात १९४४ मध्ये पुण्यात सैन्याचं कृत्रिम अवयव केंद्र सुरू झालं. आपल्यापैकी अनेकांनी वानवडीचं ते आवार पाहिलं असेल. आणि १९६८ मध्ये इथे जयपूरला सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर फूट घडवला. रामचंद्रजींना सगळे मास्टरजी म्हणत. परदेशी कृत्रिम पायाला बूट लागायचा आणि घोटा वळायचा नाही. आपला माणूस अनवाणी चालतो, मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, चिखलात पेरणी करतो. तो परदेशी पाय काढून ठेवायचा. मास्टरजींनी ट्रकचे टायर रिमोल्ड करणाऱ्यांची पद्धत पाहिली आणि रबराचा पाय ओतला. बुटाशिवाय चालेल, पाण्यात भिजेल आणि सर्व बाजूंना थोडा वळेल असा. १९७५ मध्ये देवेंद्रराज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती सुरू केली आणि हा पाय लाखो लोकांना फुकट मिळाला. पिंडरीच्या भागासाठी पाण्याच्या पाइपाचं प्लास्टिक तापवून साच्यावर चढवतात. सुधा चंद्रन याच पायावर पुन्हा नाचल्या, हे सगळ्यांना आठवत असेल.

त्या केंद्रात मी एक दिवस बसलो. सकाळी कुबड्यांवर आलेला माणूस संध्याकाळी चालत बाहेर पडताना पाहिला. त्याच्याशेजारी बसलेला म्हातारा चौथ्यांदा नवा पाय घ्यायला आला होता. त्याला त्यात काही अपमान वाटत नव्हता. "घिस गया, बदल लेंगे," एवढंच म्हणाला.

माझ्या बॅचमेटला मी हेच सांगितलं. पाय वापरला नाही तर मांडीचे स्नायू सुकतात. खाटेवर गुडघा वाकवून बसून राहिलं की सांधा आखडतो आणि मग चांगला पायही बसत नाही. दंडाचा, म्हणजे उरलेल्या भागाचा आकार बदलतो, सॉकेट सैल होतं किंवा टोचतं. तेव्हा ते बदलून घ्यायचं असतं, फेकून द्यायचं नसतं. पाणभुंग्याची हवा एकदा भरली म्हणजे संपलं असं नाही. पुन्हा पुन्हा वर यावं लागतं. तो त्याचा कमीपणा नाही, तो त्याचा जगण्याचा बंदोबस्त आहे. आणि उद्या खरंच काही उपचार निघाला तर तो ताकदवान मांडी, मोकळा सांधा आणि सरळ पाठ असलेल्या माणसाच्याच कामी येईल.

सॅलॅमँडरवरची आशा सोडा, असं मी म्हणत नाही. त्या प्रयोगशाळांतलं काम चालू राहिलं पाहिजे आणि जोरेपोखरीची ती दहा एकर जागाही राहिली पाहिजे. ज्या प्राण्याकडून आपल्याला काही शिकायचं आहे त्याचं तळंच बुजवलं तर शिकणार कुणाकडून? पण संशोधनाला त्याचा वेळ लागतो आणि माणसाचं आयुष्य त्याच्यासाठी थांबत नाही.

ज्यांच्या घरात असा पाय कोपऱ्यात उभा आहे त्यांनी तो उचलून पाहावा. पट्टा तुटला आहे का, सॉकेट सैल आहे का, रबर फाटलं आहे का ते बघावं आणि जवळच्या केंद्रात दाखवावं. माजी सैनिकांनी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. बरोबर जायला कुणी नसेल तर गावातल्या एखाद्या जुन्या पलटणवाल्याला हाक मारावी. तो नाही म्हणणार नाही.